पेशी वाढल्या का?

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की झरी लागतं. काळ्या रानाचं, कापूस-सोयाबीनचं गाव. मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही गावातून दर महिन्याला कुणी ना कुणी सकाळच्या एसटीने जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जातं, एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राच्या बाकड्यावर नाव पुकारेपर्यंत बसतं आणि गोळ्यांची डबी पिशवीच्या तळाशी ठेवून संध्याकाळपर्यंत घरी येतं. बाकड्यावर एकमेकांना विचारायचा प्रश्न ठरलेला असतो: "पेशी किती आल्या?" तीनशे, साडेचारशे, सहाशे. आकडा वाढला असेल तर सांगणाऱ्याचा आवाज थोडा मोकळा होतो.

या पेशी म्हणजे सीडी फोर. पांढऱ्या पेशींतला हा एक प्रकार. शरीरात शिरलेल्या जंतूविरुद्ध कुणी काय करायचं, हे याच पेशी ठरवतात, आणि एचआयव्ही नेमका त्यांच्यातच शिरतो. निरोगी माणसाच्या रक्तात घन मिलिमीटरला साधारण पाचशे ते दीड हजार सीडी फोर असतात. त्या दोनशेच्या खाली उतरल्या की क्षयरोग, न्यूमोनिया, तोंडातली बुरशी असे एरवी दबून राहणारे आजार डोकं वर काढतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

रोग पेशी कमी करतो, तर आपण त्या वाढवाव्यात, हे कुणालाही सुचेल. खेड्यातल्या वैदूला सुचलं, वर्तमानपत्रात जाहिरात देणाऱ्या कंपनीला सुचलं आणि पोलिओची लस शोधणाऱ्या शास्त्रज्ञालाही सुचलं. गेल्या चाळीस वर्षांत या एका कल्पनेने किती वेषांतरं केली आणि किती वेळा तोंडावर आपटली, त्याचा इतिहास पुण्याच्या भोसरीतूनही जातो.

भारतातल्या गोष्टीची सुरुवात मात्र चेन्नईत होते, आणि तीही एका मराठी घरातून. सुनीती गायतोंडे यांचं कुटुंब कातड्याच्या व्यापारातलं, मद्रासमध्ये स्थायिक झालेलं. लग्नानंतर त्या सुनीती सॉलोमन झाल्या आणि मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या. १९८६ मध्ये त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, प्रबंधासाठी विषय दिला: देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात एचआयव्ही आहे का ते पाहा. त्या वेळी हा विषय म्हणजे वेळेचा अपव्यय वाटावा असा होता. एड्स हा अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांचा रोग, आपल्याकडे कुठला, अशीच सगळ्यांची समजूत. निर्मला यांनी सरकारी सुधारगृहातल्या स्त्रियांचं रक्त गोळा केलं, ते वेल्लोरला नेऊन तपासलं आणि सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. देशातली ही पहिली नोंद. पुढे सुनीतीबाईंनी एड्ससाठी जी संस्था काढली, तिला वडिलांचं नाव दिलं. तमिळ मुलखातल्या या केंद्राच्या पाटीवर आजही वाय. आर. गायतोंडे हे नाव आहे.

त्यानंतरची काही वर्षं महाराष्ट्राची. मुंबई, पुणे, सांगली ही नावं देशाच्या एड्सच्या नकाशावर ठळक होत गेली. बाजाराची, बंदराची, हमरस्त्यांची, साखर कारखान्यांची ही गावं. मराठवाड्यातून ऊसतोडीला आणि मजुरीला बाहेर पडणारी माणसं याच वाटांनी जात-येत होती. १९९२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. सगळे तिला इंग्रजी आद्याक्षरांनी 'नारी' म्हणतात. तिच्या सुरुवातीच्या कामाचा मोठा भाग प्रयोगशाळेबाहेरचा होता. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्यांना विश्वासात घेणं, तपासणं, पुन्हा बोलावणं, असं ते काम.

त्यातून १९९७ मध्ये जो निबंध छापून आला, तो माझ्या मते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातही वाचला पाहिजे. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली होती. (हे आडनाव ज्या गंगाखेडचं, ते आमच्याच परभणी जिल्ह्यातलं.) देहविक्रय न करणाऱ्या, बहुतेक विवाहित आणि एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. त्यांचा दोष एवढाच की त्यांचं लग्न झालेलं होतं. 'एकनिष्ठ राहा' ही भिंतीवर रंगवलेली पाटी या बायकांनी आधीच पाळलेली होती.

मग औषधाचं काय? १९८७ मध्ये अमेरिकेत एझेडटी आलं. १९९३ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ते भारतात बनवलं, पण एकट्या औषधाचा जोर विषाणू थोड्याच दिवसांत पचवतो हे तोवर कळून चुकलं होतं. १९९६ च्या जुलैत व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधं एकत्र दिल्यास मरणपंथाला लागलेली माणसं उठून बसतात, असे पुरावे मांडले गेले. वर्षाचा खर्च मात्र दहा-पंधरा हजार डॉलर. भारतातल्या बहुतेक रुग्णांसाठी ही बातमी म्हणजे पेपरातली बातमीच. १९८६ ते २००४ या अठरा वर्षांत सर्वसामान्य मराठी माणसाला रोगाचं नाव कळत होतं, औषध मिळत नव्हतं. या पोकळीत जे उगवायचं ते उगवलं.

ताकदीची औषधं. काढे, भस्मं, चूर्णं, 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द ठळक छापलेल्या बाटल्या. गुळवेल आणि अश्वगंधा यांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी एड्स बरा करतो असा दावा कधी केला नव्हता, तो बाटलीवर चिठ्ठी चिकटवणाऱ्यांनी केला. केरळातल्या एका औषधाच्या जाहिराती तर देशभर पोचल्या. शेवटी सरकारला औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टात, ज्या रोगांवर खात्रीचा इलाज असल्याचा दावा करायला बंदी आहे त्यांच्या यादीत, एड्सचं नाव घालावं लागलं. यादीत ते पहिल्याच क्रमांकावर आहे.

याहून गंभीर प्रकार १९९४ च्या सुमारास मुंबईत घडला. गुरांमध्ये आढळणारा एचआयव्हीचा एक भाऊबंद विषाणू आहे. त्यापासून बनवलेली 'लस' काही बाधित व्यक्तींना टोचण्यात आली, तीही सरकारची रीतसर परवानगी नसताना. कल्पना अशी की गुरांचा विषाणू माणसाला अपाय करणार नाही, पण शरीराला जागं करील. ज्यांना टोचलं त्यांना आपल्यावर प्रयोग होतो आहे हे किती समजलं होतं, हा प्रश्न वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांतून पुढे अनेक वर्षं विचारला गेला. संशोधन परिषदेने माणसांवरच्या संशोधनासाठी नीतिनियमांची सविस्तर संहिता काढली ती २००० मध्ये. असल्या प्रकरणांची सावली त्या संहितेवर आहे.

इथे हसू येणं सोपं आहे. पण त्याच वर्षांत जगातल्या अत्यंत नावाजलेल्या प्रयोगशाळा काय करत होत्या ते पाहिलं की हसू आवरतं. योनास साल्क, ज्यांच्या लसीने पोलिओला वेसण घातली, त्यांनी १९८७ मध्ये एक कल्पना मांडली. एचआयव्ही मारून, त्याचं बाहेरचं आवरण काढून, तो बाधित माणसालाच टोचायचा. म्हणजे शरीर त्याला नव्याने ओळखेल आणि जोमाने लढेल. या लसीचं नाव 'रेम्यून'. अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर तिची चाचणी झाली. १९९९ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली, कारण लस घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात काहीच फरक पडत नव्हता. साल्क तोवर हयात नव्हते.

दुसरा प्रयोग याहून बोलका. शरीर स्वतःच इंटरल्युकिन-टू नावाचं एक प्रथिन बनवतं आणि त्याच्या इशाऱ्याने सीडी फोर पेशी वाढतात. हे प्रथिन इंजेक्शनने बाहेरून दिलं तर? नव्वदच्या दशकातल्या छोट्या चाचण्यांत पेशी खरोखरच भराभर वाढल्या. मग एस्प्रिट आणि सिल्कॅट या दोन प्रचंड चाचण्या झाल्या. एस्प्रिटमध्ये २५ देशांतले चार हजारांहून अधिक रुग्ण होते, सिल्कॅटमध्ये सुमारे सतराशे. त्यांतल्या निम्म्यांनी वर्षानुवर्षं विषाणूविरोधी गोळ्यांच्या जोडीला ही इंजेक्शनं घेतली. ताप, अंगदुखी, थकवा सोसला. २००९ मध्ये निकाल आला. एस्प्रिटमध्ये इंजेक्शन घेणाऱ्यांच्या पेशी न घेणाऱ्यांपेक्षा दीडशेच्या घरात जास्त होत्या. आजारपणं आणि मृत्यू मात्र दोन्हीकडे सारखेच.

एआरटीच्या बाकड्यावर हा निकाल कुणी समजावून सांगितला असता तर कुणाला पटला असता? पेशी वाढल्या, तरी माणूस तितकाच आजारी पडला. म्हणजे जो आकडा आपण तब्येतीचा पुरावा मानतो, तो बाहेरून फुगवला की खोटा पडतो. गोळ्यांनी विषाणू दबल्यावर शरीर स्वतः घडवतं त्या पेशी आणि प्रथिनाच्या मुबलक डोसांनी ढकलून वाढवलेल्या पेशी यांच्या कामात फरक असावा, असा तर्क पुढे मांडला गेला. भोंदूच्या आणि शास्त्रज्ञाच्या मनात कल्पना एकच होती, ताकद वाढवा. शास्त्रज्ञाने ती मोजून पाहिली आणि निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी छापला.

का फसलं याचं दुसरं कारण १९९५ ते १९९७ या काळात उलगडत गेलं होतं. रॉबर्ट सिलिचियानो आणि इतरांनी दाखवलं की औषधं कितीही चोख घेतली तरी काही सीडी फोर पेशींच्या गुणसूत्रांत विषाणू स्वतःची प्रत खोवून गप्प बसतो. ती पेशी झोपलेली असते, विषाणू काहीच बनवत नाही, त्यामुळे औषधाला तो दिसत नाही आणि रोगप्रतिकारशक्तीलाही नाही. काळ्या रानात हरळी वरून कितीही खुरपली तरी खालच्या काशा शिल्लक राहतात आणि पहिल्या पावसात रान पुन्हा हिरवं होतं, तसं गोळ्या बंद केल्या की दोन-तीन आठवड्यांत विषाणू रक्तात परत येतो. गोळ्या आयुष्यभर का, याचं उत्तर एवढंच आहे. आणि पेशींची नुसती संख्या वाढवून या लपलेल्या विषाणूचं काही बिघडत नाही.

इकडे बाजी पालटली ती किमतीमुळे. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा संच डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सला वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केला. आफ्रिकेपासून भारतापर्यंत सरकारांना 'परवडत नाही' हे कारण सांगणं अवघड झालं. १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने मोफत एआरटी सुरू केलं, सुरुवातीला आठ केंद्रांत. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांतलं एक. मराठवाड्यातल्या रुग्णाने रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची, असे ते दिवस. जिल्ह्याजिल्ह्यात केंद्रं यायला आणखी काही वर्षं गेली. लहान मुलांसाठीची औषधं सरकारी योजनेत आली २००६ च्या अखेरीस.

सुरुवातीच्या त्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडिन असायचं. जीव वाचायचा, पण काही वर्षांनी गाल बसायचे, हातापायांची चरबी झडायची, तळपायांना मुंग्या यायच्या. ज्याने वर्षानुवर्षं कुणाला काही सांगितलं नव्हतं, त्याचा चेहराच गावाला सगळं सांगून टाकायचा. पुढे ते औषध मागे घेतलं गेलं. पेशी दोनशेच्या खाली आल्याशिवाय औषध नाही, असा नियमही सुरुवातीला होता. म्हणजे माणूस आजारी पडेपर्यंत थांबायचं. ती मर्यादा हळूहळू चढत गेली आणि २०१७ पासून, पेशी कितीही असोत, तपासणी पॉझिटिव्ह आली की औषध सुरू, असं ठरलं. मराठवाड्यात ज्यांच्या पेशी ऐंशीवरून सहाशेवर गेल्या, त्या या गोळ्यांनी गेल्या, ताकदीच्या कुठल्या इंजेक्शनाने नव्हे. विषाणू गप्प बसवला की शरीर आपलं घर आपणच सावरतं.

लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांचं सेवालय आहे, बीडजवळ पालीला दत्ता बारगजे यांचं इन्फंट इंडिया. एचआयव्हीबाधित, बहुतेक अनाथ मुलांचे हे संसार. हासेगावच्या मुलांना गावच्या शाळेत घेण्यावरून सुरुवातीला मोठा वाद झाला होता. वेळेवर गोळी, पोटभर जेवण, डाळ, अंडी, आजारी पडल्यावर लगेच डॉक्टर, असा तिथला दिनक्रम. रोगप्रतिकारशक्ती वाढवण्याचा मराठवाड्यातला सर्वांत यशस्वी प्रयोग मला हाच वाटतो, जरी त्यावर कुणी शास्त्रीय निबंध लिहिला नसला तरी.

आता भोसरी. गोळ्या मिळू लागल्या त्याच सुमारास 'नारी'मध्ये दुसरा प्रश्न हाताळला जात होता: रोग होण्याआधीच शरीराला तयार करता येईल का? त्यासाठी आधी इथला विषाणू नीट वाचायला हवा होता. कविता लोळे, रमेश परांजपे, दीपक गडकरी, स्मिता कुलकर्णी आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे संशोधक यांनी पुण्यात नव्याने लागण झालेल्यांच्या रक्तातून विषाणूची संपूर्ण जनुकीय लिपी उतरवली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. भारतातला विषाणू मुख्यतः 'सी' उपप्रकारचा, अमेरिका-युरोपात 'बी'. दोन उपप्रकारांची सरमिसळ ओळखता यावी म्हणून त्या कामात सिमप्लॉट नावाची संगणक प्रणाली वापरली गेली. पुण्यातल्या रुग्णांच्या रक्ताशी जोडलेली ही प्रणाली पुढे जगभरच्या विषाणूतज्ज्ञांच्या हातात गेली, आणि करोनाच्या साथीत त्या विषाणूची वंशावळ लावायलाही वापरली गेली. आपल्याकडे याची फारशी वाच्यता झाली नाही, हेही आपल्या सवयीला धरूनच.

२००१ मध्ये संशोधन परिषद, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि न्यूयॉर्कची आंतरराष्ट्रीय एड्स लस संस्था यांच्यात करार झाला, आणि ७ फेब्रुवारी २००५ रोजी पुण्यात भारतातली पहिली एचआयव्ही लसचाचणी सुरू झाली. डॉ. संजय मेहेंदळे तिचे प्रमुख संशोधक. मनुष्याला त्रास न देणाऱ्या एका साध्या विषाणूच्या पोटात एचआयव्हीच्या 'सी' प्रकाराची काही जनुकं घालून ती लस अमेरिकेतल्या सिएटलच्या कंपनीने बनवली होती. हीच लस जर्मनी आणि बेल्जियममध्येही दिली जात होती. पुण्यात तीस निरोगी स्वयंसेवक घ्यायचे होते.

तीस हा आकडा छोटा वाटेल. पण कल्पना करा, २००५ चं पुणे. एड्सच्या नावाने घरमालक भाडेकरूला बाहेर काढतो असा काळ. अशा वेळी ठणठणीत माणसाने भोसरीत जाऊन म्हणायचं, मला टोचा. लसीत जिवंत एचआयव्ही नव्हता, तिच्यापासून लागण होणं शक्यच नव्हतं, हे समजावणं तुलनेने सोपं. अवघड गोष्ट पुढची होती. लस चांगली लागू पडली तर अंगात प्रतिपिंडं तयार होणार, आणि मग साध्या एचआयव्ही तपासणीत हा निरोगी माणूस पॉझिटिव्ह दिसू शकणार. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, विम्याच्या अर्जात, लग्न ठरताना. म्हणजे प्रयोग यशस्वी व्हायची किंमत स्वयंसेवकाने चुकवायची. स्त्रियांना शिवाय ठरलेल्या काळात गर्भधारणा टाळायची अट, आणि घरच्यांना ती का टाळायची आहे हे सांगण्याची जबाबदारी. संमतिपत्र मराठीत वाचून दाखवायचं, ते किती कळलं याची प्रश्न विचारून खात्री करायची, आणि मगच सही. १९९४ च्या त्या मुंबईतल्या प्रकारानंतर दहा-अकरा वर्षांनी त्याच राज्यात, त्याच रोगासाठी ही काटेकोर पद्धत उभी राहिली होती. लसीच्या निकालाइतकंच मोल मी याला देतो.

निकाल मात्र फिका आला. लस निर्धोक, पण शरीराने तिची फारशी दखल घेतली नाही. २००९-१० मध्ये पुणे आणि चेन्नई मिळून ३२ स्वयंसेवकांवर दुसऱ्या पद्धतीची चाचणी झाली. काहींना आधी डीएनएची लस, मग देवीच्या लसीच्या कुळातल्या एका निरुपद्रवी विषाणूवर बेतलेली दुसरी; काहींना फक्त ही दुसरी. या खेपेला शरीराचा प्रतिसाद चांगला होता. तरीही हा प्रतिसाद विषाणू अडवायला पुरेल असं म्हणण्याजोगं हाती काही नव्हतं, आणि पुढची मोठी चाचणी झाली नाही. २००९ मध्येच थायलंडमध्ये सोळा हजार लोकांवरच्या चाचणीत लागण ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. एचआयव्ही लसीच्या इतिहासातलं ते आजवरचं सर्वांत मोठं यश, आणि तेही वापरात आणण्याइतकं नव्हतं. त्यानंतरच्या आफ्रिका-अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्या एकामागून एक बंद पडल्या.

'नारी'त डॉ. माधुरी ठकार यांच्यासारख्या प्रतिकारशास्त्रज्ञांनी उलट्या बाजूनेही शोध घेतला. एखादा विरळा रुग्ण असा असतो की त्याला औषध न देताही वर्षानुवर्षं त्याच्या पेशी टिकून राहतात. त्याच्या शरीराला असं काय येतं जे इतरांना येत नाही? या दुर्मीळ माणसांच्या रक्तात बहुधा पेशी जास्त नसतात, त्या हुशार असतात; विषाणूचा जो भाग बदलूच शकत नाही नेमक्या त्याच भागावर त्यांचा हल्ला असतो. गेल्या दशकातलं बरंचसं संशोधन याच दिशेने वळलं आहे: प्रतिकारशक्ती वाढवण्याऐवजी तिला शिकवणं.

बर्लिनमध्ये राहणारा टिमोथी ब्राउन नावाचा अमेरिकन माणूस २००७ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी अस्थिमज्जा बदलून घेतो. दाता असा निवडलेला की त्याच्या पेशींवर एचआयव्हीला आत शिरायला लागणारं सीसीआर-फाइव्ह हे दारच नाही. कर्करोगाबरोबर एचआयव्हीही गेला. असा बरा झालेला जगातला हा पहिला माणूस. २०१९ मध्ये लंडनच्या दुसऱ्या रुग्णाची बातमी दिली ती रवींद्र गुप्ता या भारतीय वंशाच्या डॉक्टरने. पण हा मार्ग कुणासाठी? मज्जारोपणात जीव जाण्याचा धोका मोठा, आणि सीसीआर-फाइव्हचा तो विशिष्ट बदल उत्तर युरोपीय लोकांत आढळतो, आपल्याकडे जवळपास नाहीच. परभणीच्या रुग्णाला यातून मिळालं ते एकच: हा रोग मुळापासून जाऊ शकतो, याचा पुरावा.

त्याहून आपल्या जवळची गोष्ट आहे ती प्रतिपिंडांची. काही बाधितांच्या शरीरात वर्षानुवर्षांच्या झुंजीनंतर एचआयव्हीच्या अनेक प्रकारांना निकामी करणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती वेगळी काढून कारखान्यात बनवतात आणि इंजेक्शनने देतात. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी अशा दोन प्रतिपिंडांची जोडी दिली आणि गोळ्या बंद केल्या. ज्यांच्यातला विषाणू त्यांना जुमानत होता अशा नऊ जणांत तो सरासरी २१ आठवडे दबून राहिला. २०२५ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनजवळच्या अभ्यासाचा निकाल आला. लागण झाल्याबरोबर निदान झालेल्या आणि लगेच औषध सुरू केलेल्या वीस तरुणींना दोन प्रतिपिंडं आणि प्रतिकारशक्तीला जागं करणारं एक औषध दिलं, मग गोळ्या थांबवल्या. बहुतेकींचा विषाणू परतला, पण काही जणी अभ्यास संपेपर्यंत गोळ्यांविना राहिल्या. त्यांच्यातला विषाणू 'सी' प्रकारचा, म्हणजे आपलाच. पण भारतातल्या 'सी'वर ही प्रतिपिंडं तितकीच चालतील असं गृहीत धरता येत नाही, आणि फरीदाबादच्या प्रयोगशाळेत त्याचीच तपासणी चालली आहे. भोसरीच्या संस्थेचं नावही आता बदललं आहे, एड्सबरोबर इतर विषाणूंचं काम तिच्याकडे आलं आहे.

समजा उद्या असा अभ्यास महाराष्ट्रात करायचं ठरलं. देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि सर्वाधिक महाराष्ट्रात, तेव्हा माणसं मिळतील असं वाटेल. पण त्या अभ्यासाचा गाभा म्हणजे गोळ्या थांबवणं, आणि गेली वीस वर्षं प्रत्येक एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाने रुग्णाच्या मनावर ठसवलं ते एकच: काही झालं तरी गोळी चुकवायची नाही. लग्नघरात, वारीत, ऊसतोडीच्या फडात, कुठेही. झरीसारख्या गावातल्या ज्या बाईने हे तंतोतंत पाळून पोरं मोठी केली, तिला आता 'बाई, गोळ्या बंद करून बघू' कुणी आणि कसं सांगायचं? तिचं रक्त दर आठवड्याला तपासावं लागेल, विषाणू दिसताच त्याच दिवशी औषध पुन्हा सुरू करावं लागेल. त्या काळात तिच्या जोडीदाराला लागण होण्याचा धोका परत येईल, आणि दर आठवड्याला शहरात कशाला जातेस याचं उत्तरही तिला शेजारणीला द्यावं लागेल. डर्बनच्या तरुणींना अभ्यासात उतरण्याआधी बरीच वर्षं त्याच केंद्रात तपासणी, सल्ला आणि आधार मिळत होता. आपल्याकडे २००५ मध्ये भोसरीत जशी संमतिपत्रं मराठीत समजावली गेली, तशी या अभ्यासाचीही कधीतरी समजवावी लागतील, आणि त्यातलं अवघड वाक्य लसीबद्दलचं नसून बंद करायच्या गोळीबद्दलचं असेल.